उठताना बोर्ड रिकामा

आमच्या वन्सं कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना आधी भिंतीकडे जातात. इस्त्री असो, पंखा असो की रेडिओ, नुसतं बटण बंद करून त्यांचं समाधान होत नाही. प्लग ओढून काढायचा, वायर हातावर गुंडाळायची, बाजूला ठेवायची, आणि मगच खोलीकडे पाठ करायची. सुरुवातीला मला वाटायचं, विजेला घाबरत असतील. पण त्या घाबरणाऱ्यांतल्या नाहीत. ती त्यांच्या हाताला लागलेली नोकरीची सवय आहे, हे मला पुढे कळलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेली. समोर भोकांची भिंत, कानाला यंत्र, हातात वायरी. बाहेरून फोन आला की कोण हवंय ते विचारायचं आणि वायरीचं टोक त्या वॉर्डच्या भोकात खुपसायचं. त्यांच्यावर एक हेडबाई होत्या. त्या दर नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगायच्या, "उठताना बोर्ड रिकामा." आपली पाळी संपली की एकही वायर लागलेली राहता कामा नये. एकदा कुणाची तरी एक वायर राहिली आणि बाळंतिणींच्या वॉर्डचा फोन दुपारभर अडकला. दूरवरून फोन लावणारा एक बाप शेवटी गाडी पकडून स्वतःच आला. तोवर मुलगी जन्मून, कपड्यात गुंडाळून झोपीही गेली होती.

"वाईट काही झालं नाही गं," वन्सं सांगतात. "पण त्याचा तो चेहरा! रस्ताभर त्याने काय काय मनात आणलं असेल."

पुढे फोन जोडायचं काम यंत्रं करायला लागली. बोर्ड गेला आणि वन्संची नोकरीही संपत आली. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. भावाकडे राहायला आल्या त्या अशा, की घरात माणूस वाढलंय हे कळूच नये. चहा प्यायला की कप विसळून, पुसून फडताळात. सकाळी अंथरुणाची घडी अशी, की रात्री इथे कोणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. त्यांची चप्पलसुद्धा दाराशी नसते, खोलीत पलंगाखाली असते. मी एकदा म्हटलं, "वन्सं, तुम्ही घरात राहता की धर्मशाळेत?" तर हसून म्हणाल्या, "धर्मशाळेतली माणसं इतकं नीटनेटकं ठेवत नाहीत."

आमच्या बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. ह्यांचा फर्निचरचा कारखाना आहे, त्याचे आराखडे काढायला घेतलेला. आराखड्यांचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. आमचा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, पण जाण्याआधी त्याने त्यात आणखी एक डिस्क बसवली आणि तिच्यात लिनक्स घातलं, खास आत्यासाठी. तेव्हापासून कॉम्प्युटर चालू केला की आधी एक यादी यायची. पहिली ओळ ह्यांच्या विंडोजची, दुसरी वन्संच्या लिनक्सची. थोडा वेळ ती यादी थांबते. कुणी काही दाबलं नाही तर पहिली ओळ धरून पुढे जाते, दाबलं तर दुसरी.

"एका घरात दोन चुली मांडल्यास," हे मुलाला म्हणाले.

"चूल दुसरी आहे बाबा, पण घर तेच," तो म्हणाला.

वन्संना ही दुसरी चूल कशासाठी, ते सांगते. त्यांच्या कानाची ख्याती होती. इस्पितळाच्या गलक्यात, खोकणाऱ्या, रडणाऱ्या, तोंडात घास असलेल्या माणसांचं बोलणं त्यांना एका खेपेत कळायचं. ते कुठेतरी सांगितलं गेलं असणार, कारण एक दिवस दाराशी एक बाई सायकल घेऊन उभी राहिली. तिला कानाने अजिबात ऐकू येत नाही. दिवसा धोबीखान्यात काम करते आणि संध्याकाळी रक्त तपासणाऱ्या लॅबच्या कोर्सला जाते. वर्गात सर फळ्याकडे तोंड करून बोलतात ते तिला कळत नाही, म्हणून तास रेकॉर्ड करून आणते. ते ऐकून कोणी टाइप करून दिलं तर ती वाचून शिकणार. आम्ही तिला सायकलवालीच म्हणतो. तिलाही ते माहीत आहे, आमच्या ओठांवरून तिने कधीच ओळखलंय.

मुलाने लिनक्सवर वन्संसाठी पायाचं पेडल जोडून दिलं. पाय दाबला की सरांचा आवाज सुरू, उचलला की बंद, म्हणजे दोन्ही हात टाइप करायला मोकळे. विंडोजच्या बाजूला तेच पेडल म्हणजे नुसतं पायाखालचं रबर. वन्सं दुपारभर बसायच्या. मध्येच आतून आवाज यायचा, "अरे माणसा, वाक्य तरी पूर्ण कर!" तो सरांना असायचा. पाळी संपली की शटडाऊन, मग प्लग ओढायचा, वायर गुंडाळायची, पेडलही गुंडाळून कपाटात. टेबलावर काही उरायचं नाही.

परीक्षा जवळ आली होती, शेवटचे तास टाइप व्हायचे होते, आणि तेव्हाच ते सुरू झालं. एका सकाळी वन्संनी कॉम्प्युटर लावला, आणि यादी आलीच नाही. थेट विंडोज उघडलं. त्यांनी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अगं, माझी ओळच गेली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नकोस आत्या, तुझं काम सगळं डिस्कवर आहे. फक्त दारावरचा माणूस बदललाय. आधी माझा माणूस दारात होता, तो दोघांची नावं विचारायचा. आता बाबांचा आहे, तो बाबांनाच आत घेतो." मग पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायला लावला, एक काळा पडदा उघडायला लावला आणि एकेक अक्षर सांगत गेला. वन्सं बोर्डावर बसल्यासारख्या प्रत्येक ओळ त्याला उलट वाचून दाखवत होत्या. यादी परत आली. वन्संनी दिवसभर काम केलं, संध्याकाळी सगळं आवरलं. दुसऱ्या सकाळी यादी पुन्हा गायब.

मुलगा म्हणाला, "बाबांच्या बाजूला अपडेट आलं असेल. ते कधीकधी स्वतःलाच पुढे करून घेतं."

"म्हणजे गुन्हेगार मीच!" हे म्हणाले. अपडेट बंद केलं. पुन्हा तीच दुरुस्ती, संध्याकाळपर्यंत सगळं ठीक, आणि सकाळी ओळ नाही. मग तो रोजचाच पाठ झाला. वन्संची सकाळ दुरुस्तीत जायची, आणि दुपारी डोळे इतके थकलेले असायचे की सर निम्मेच टाइप व्हायचे.

त्यातच ह्यांची कुरबूर. एका वाचनालयाच्या कपाटांचं मोठं काम आलं होतं, आणि ह्यांची डिस्क भरत आली होती. शिवाय आराखड्यांवर छापून येणारी तारीख भलतीच यायला लागली होती. गिऱ्हाईक कागद बघून म्हणालं, "काय हो, हा आराखडा तर माझ्या लग्नाच्या आधीचा दिसतोय. तेव्हापासून माझी वाट बघत होतात का?" हे घरी येऊन तणतणले, "अक्का, तुझ्या त्या बाजूने माझी तारीखसुद्धा नासवली!"

वन्सं म्हणाल्या, "माझी बाजू उघडतच नाही रे, नासवेल कशी?"

एका दुपारी हे टेबलाशी बसले होते आणि पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? विंडोजला लिनक्सची डिस्क वाचताच येत नाही, म्हणून ती त्याला रिकामी वाटते. ह्यांनाही तसंच वाटलं. "अरे, इथे तर सगळी जागा पडून आहे," म्हणत ह्यांनी माउसवर हात ठेवला.

"नाही!"

वन्संचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ह्यांनीही नसावा, हात तसाच राहिला. वन्सं दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. त्या डिस्कवर सायकलवालीचं आख्खं सत्र होतं.

हे चौकट बंद करून म्हणाले, "बरं बाई. पण अक्का, किती दिवस हे चालवायचं? दुरुस्तीच्या दुकानातला माणूस म्हणाला, दोन ठेवूच नका, एक पुसून टाका. तुझं लिहिलेलं सगळं पेनड्राइव्हवर घे. रविवारी मी ती डिस्क साफ करतो. माझं पोट आहे या कॉम्प्युटरवर." मग त्यांना वाटलं असावं की आपण फार कडक बोललो, म्हणून पुढे म्हणाले, "आणि तू आता बस की आरामात. तुला काय कमी आहे इथे?"

हे मनाने चांगले आहेत. बहिणीला त्यांनी कधी वेगळं वागवलं नाही. पण ते 'बस' वन्संना कुठे लागलं ते मला दिसलं. नोकरी गेल्यावर हेच काम असं होतं, ज्याच्यासाठी त्यांची कोणी वाट बघत होतं. त्यांनी कणकेचे हात धुतले, टॉवेलची घडी घातली, आत गेल्या.

त्याच संध्याकाळी सायकलवाली आली. वन्संनी रिकामे हात दाखवले. तिने फोनवर काहीतरी लिहून वन्संपुढे धरलं. मी वाकून वाचलं. "तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या. मी पुढच्या वर्षी बसेन." वन्संनी मान हलवून नाही म्हटलं आणि तिला दारापर्यंत सोडायला गेल्या. मी देवापुढे हात जोडले. देवाला कॉम्प्युटरचं काय सांगायचं, मला कळेना. म्हटलं, "बाबा रे, दोघींनाही तूच बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वन्संची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाळी होती. सकाळची दुरुस्ती करून, थोडं टाइप करून त्या तशाच घाईने गेल्या. कॉम्प्युटर चालूच राहिला. परत आल्या त्या डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, समोरचं सगळं धुरकट. मी त्यांना पलंगावर आडवं केलं.

"कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या.

"करते मी बंद. तुम्ही डोळे मिटा."

मी शटडाऊन केलं आणि भाजी चिरायला गेले.

सकाळी वन्सं उठायच्या आत मी बाहेरच्या खोलीतला केर काढत होते. म्हटलं, लावून तर बघू. बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी! यादी पुढे जाऊ नये म्हणून मी खालचं बटण दाबून ती दुसऱ्या ओळीवर थांबवली आणि केरसुणी तिथेच टाकून आत धावले.

"वन्सं, उठा! तुमची ओळ आली!"

त्या पदर सावरत आल्या, यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दुरुस्ती कोणी केली?"

"कोणी नाही. मी देवाला सांगितलं होतं."

वन्संनी हात जोडले. खरंच जोडले, मला चिडवायला नाही. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "देवाने ऐकलं. पण उद्या परत त्याला त्रास नको. काल वेगळं काय झालं ते आपण शोधू. काल बंद तू केलास ना?"

"हो."

"कसा केलास?"

"तुम्ही करता तसाच. शटडाऊनवर."

"आणि मग?"

"मग काय, भाजी."

वन्सं टेबलाखाली वाकल्या. प्लग भिंतीत होता. त्या तशाच वाकून राहिल्या, मला वाटलं चक्कर आली. वर आल्या आणि त्यांनी आपली ओळ उघडून पडद्यावरची तारीख बघितली. तारीख बरोबर होती, आजची.

तेवढ्यात हे दात घासत आले. "आली का ओळ? तोडगा काय केलात?"

"गप्प बस जरा," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या कागदावर ती जुनी तारीख रोज यायची का?"

"रोज सकाळी. मी नीट करायचो, दुसऱ्या दिवशी परत तेच."

"रोज सकाळी," वन्सं हळूच म्हणाल्या. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, प्लग ओढून काढला आणि मला म्हणाल्या, "चहा ठेव. जरा वेळ जाऊ दे."

आम्ही तिघांनी चहा घेतला.   कप खाली ठेवून वन्संनी प्लग परत लावला आणि बटण दाबलं. यादी आली नाही. थेट विंडोज उघडलं, आणि कोपऱ्यात ती गिऱ्हाइकाच्या लग्नाआधीची तारीख.

हे ओरडले, "सापडलं!"

वन्सं मात्र आनंदल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मीच माझी वायर काढून जात होते. आणि सकाळी विचारत होते, माझी ओळ कुठे गेली."

 मला त्यांची ती रिकामी खोली आठवली, पलंगाखालची चप्पल, पुसून ठेवलेला कप. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

मुलाला फोन लागल्यावर तो पलीकडून कपाळ बडवून घेत असावा. "आत्या, चूक माझी. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की तारीख बरोबर आहे का. आत मदरबोर्ड म्हणून मोठी पाटी असते, तिच्यावर नाण्याएवढा एक सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. वीज नसताना तारीख आणि दारात कुणाला उभं करायचं, हे तो लक्षात ठेवतो. तो संपलाय. आतापर्यंत तो चांगला होता, म्हणून तू प्लग काढलास तरी चाललं."

"म्हणजे प्लग काढणं चूक नव्हतं?"

"अजिबात नव्हतं. सेल म्हातारा झाला, एवढंच."

"म्हातारा झालेला सेल बदलतात," हे मध्येच म्हणाले, "म्हाताऱ्या बहिणी बदलता येत नाहीत." वन्संनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. या घरात त्यांनी हात उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला फार बरं वाटलं.

सेल ह्यांनीच आणला. सुतारकामाच्या पेटीतला सगळ्यात बारीक पेचकस घेतला, झाकण उघडलं, आतली धूळ ब्रशने काढली, जुना सेल नखाने उचलला, नवा बसवला. लाकडात बिजागरी बसवताना त्यांचं तोंड जसं थोडं उघडं राहतं तसंच राहिलं होतं. मग वन्संनी फोनवरून मुलगा सांगेल तशी शेवटची दुरुस्ती केली. प्लग काढला. पुन्हा चहा झाला. प्लग लावला. दोन ओळी, आणि तारीख आजची.

रविवार आला. जागेचा प्रश्न होताच. वन्सं भावाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव, तुझी डिस्क कशाने भरलीय." उघडून बघतात तर 'कपाट शेवटचं', 'कपाट शेवटचं खरं', 'कपाट आता नक्की', 'कपाट नक्की, हात लावू नये'. एकेका कपाटाच्या ढीगभर प्रती. वन्सं हसता हसता खोकायला लागल्या. दुपारपर्यंत दोघांनी बसून नको ते पुसलं, आणि वाचनालय आरामात मावलं. दुसऱ्या डिस्कला कोणी हात लावला नाही. तसं बोलूनही दाखवलं नाही कोणी.

मुलगा फोनवर होताच. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "यादीत पहिली ओळ कुणाची ठेवू? कुणी काही दाबलं नाही तर तीच उघडते. आधी बाबांची होती."

"त्याचीच राहू दे," वन्सं म्हणाल्या. "कॉम्प्युटर त्याचा आहे."

हे पेचकस पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "अक्काची ठेव. मला एक बटण खाली दाबायला काय कष्ट पडणार आहेत?"

कष्ट पडतात. रोज सकाळी बटण दाबायला विसरतात, वन्संचं लिनक्स उघडतं, आणि "अक्का, तुझं दुकान पुन्हा उघडलं!" असं ओरडून पुन्हा पहिल्यापासून लावतात. पण ओळी बदलायला त्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही.

सायकलवालीचे सगळे तास टाइप झाले. कागदांचा गठ्ठा तिने सायकलच्या मागच्या कॅरिअरला बांधला, दोनदा गाठ ओढून बघितली, आणि जाताना वन्संच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून क्षणभर उभी राहिली. परीक्षेला ती याच वर्षी बसली. पुढच्या सत्राचे सरही येऊन पडलेत. हे नवे सर वाक्य पूर्ण करतात, पण पुटपुटतात, अशी वन्संची तक्रार आहे.

वन्सं अजूनही संध्याकाळी प्लग ओढून काढतात. हाताची सवय आहे, जायची नाही, आणि आता जायची गरजही नाही. पेडल मात्र हल्ली कपाटात जात नाही, टेबलाखालीच असतं. परवा केर काढताना ते माझ्या अंगठ्याला सणसणीत लागलं.

"वन्सं!" मी कळवळले. "तुमचं हे मध्येच पडलंय!"

"असू दे तिथेच," त्या आतून म्हणाल्या.

मी पेडलच्या चहूबाजूंनी केर काढला.